पॅरासिटामॉलचे क्यूसी पास होतात, तरी आकडा चुकतो कुठे?

विचारणा थोडक्यात अशी आहे. निरोगी स्वयंसेवकांना १ ग्रॅम पॅरासिटामॉल तोंडावाटे दिले, १२ तासांपर्यंतचे प्लाझ्माचे नमुने गोठवून ठेवले. आता मूळ औषध आणि त्याचे ग्लुकुरोनाइड, सल्फेट, सिस्टीन व मर्कॅप्ट्युरेट हे मेटाबोलाइट (शरीराने औषधापासून बनवलेली रूपे) एलसी-एमएस-एमएसवर, म्हणजे आधी कॉलममधून वेगळे करून मग वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, एकत्र मोजायचे आहेत. रन, म्हणजे एका नमुन्याची यंत्रातली फेरी, दीड मिनिटाचा आहे, कारण वस्तुमानावरून सगळे वेगळे ओळखता येतातच. क्यूसी, म्हणजे औषधाचे ठरलेले प्रमाण घालून केलेले तपासणी-नमुने, पास होतात. पण ६ तासांनंतरच्या नमुन्यांत पॅरासिटामॉलचे आकडे कॉलमनंतर अतिनील प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या जुन्या एचपीएलसी-यूव्ही पद्धतीपेक्षा १५ ते २० टक्के जास्त येतात. मग खरी पद्धत कोणती? आणि एवढे स्टँडर्ड (तुलनेसाठी लागणारी शुद्ध रसायने) विकत घेण्यापेक्षा एंझाइमने सगळे तोडून एकच पॅरासिटामॉल मोजले तर चालणार नाही का?

माझा कयास असा की जुनी एचपीएलसी खरे सांगते आहे आणि नवे महागडे यंत्र तुम्हाला फसवते आहे. यंत्रात बिघाड नाही. दीड मिनिटाच्या रनमध्ये कॉलमला त्याचे काम करायला वेळच मिळालेला नाही.

ग्लुकुरोनाइड म्हणजे पॅरासिटामॉलला जोडलेले एक आम्लधर्मी साखरेचे टोपण. पॉझिटिव्ह मोडमध्ये, म्हणजे रेणूला धन भार दिल्यावर, त्याचा आयन ३२८ वर दिसतो, सल्फेटचा २३२ वर आणि पॅरासिटामॉलचा १५२ वर. पॅरासिटामॉल आपण १५२ वरून ११० या तुकड्यावर मोजतो. कागदावर तिघांचे रस्ते वेगळे दिसतात. पण आयन पहिल्या क्वाड्रुपोलपर्यंत, म्हणजे वस्तुमान निवडणाऱ्या चाळणीपर्यंत, पोहोचण्याआधी सोर्समधून, म्हणजे रेणूंना विद्युतभार देणाऱ्या भागातून जातो. तिथे उष्णता असते, व्होल्टेज असते आणि तिथेच काही ग्लुकुरोनाइडचे टोपण गळून पडते. ३२८ मधून १७६ गेले की उरतात १५२. सल्फेटच्या २३२ मधून ८० गेले की तेही १५२. हा १५२ पुढे तंतोतंत पॅरासिटामॉलसारखाच वागतो, त्याचाही तुकडा ११० च होतो. एकदा सोर्स ओलांडला की डिटेक्टरला या दोघांतला फरक कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. फरक कळतो तो फक्त वेळेवरून, म्हणजे कॉलममधून कोण कधी बाहेर पडले त्यावरून. तुमच्या दीड मिनिटात सगळे जवळजवळ एकदम बाहेर पडत असतील, तर मेटाबोलाइटचा काही हिस्सा पॅरासिटामॉलच्या खात्यात जमा होतो.

उशिराच्या नमुन्यांतच हे का दिसते, तेही यातूनच उलगडते. पहिल्या तासाच्या आसपास मूळ औषध भरपूर असते, मेटाबोलाइट त्यामानाने कमी. पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल साधारण २ ते ३ तास. ६-८ तासांनी मूळ औषध ओसरते आणि ग्लुकुरोनाइड त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असते. उदाहरणादाखल धरा: पॅरासिटामॉल लिटरला १.५ मिलिग्रॅम, ग्लुकुरोनाइड ६ मिलिग्रॅम. मोलमध्ये हे झाले सुमारे १० आणि १८ मायक्रोमोल. त्या १८ पैकी १० टक्के जरी सोर्समध्ये तुटले, तरी १० च्या जागी ११.८ दिसतील. तुम्ही सांगता तेवढाच हा फरक आहे. आणि चूक शेपटाकडे वाढत जात असल्याने अर्धायुकालही उगाच लांबलेला दिसतो.

याच खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे, म्हणून इतक्या खात्रीने लिहितो. आमचा एक अभ्यास जवळजवळ संपत आला होता. कॅलिब्रेशन सरळ, क्यूसी उत्तम, पुनर्तपासणीत जुने-नवे आकडे छान जुळलेले. नवा कॉलम बसवला तेव्हा पॅरासिटामॉलच्या पीकला (आलेखावरच्या उंचवट्याला) डाव्या बाजूने एक छोटासा खांदा आला. सहकारी म्हणाला, इंटिग्रेशन (पीकखालचे क्षेत्र मोजण्याची हद्द) थोडे आवरून घे. मी शुद्ध ग्लुकुरोनाइडचे द्रावण एकटेच सोडले आणि पॅरासिटामॉलच्या चॅनेलमध्ये (१५२ वरून ११०) पाहिले. तिथे भलेमोठे पीक उभे होते. सगळे नमुने पुन्हा मोजावे लागले.

क्यूसीने हे का पकडले नाही, हे नीट समजून घ्या, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. क्यूसी आपण कोऱ्या प्लाझ्मात पॅरासिटामॉल घालून तयार करतो. त्यात ग्लुकुरोनाइड नसतेच, मग ते तुटणार कुठून? औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातच सगळे एकत्र असतात. पुनर्तपासणीसुद्धा इथे मदतीला येत नाही. तोच नमुना, तीच पद्धत, तीच चूक दुसऱ्यांदा, म्हणून आकडे जुळणारच. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या आयसीएच एम१० या जैवनमुन्यांतली औषधे मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे पुनर्तपासणीत किमान दोन तृतीयांश नमुन्यांचे आकडे २० टक्क्यांच्या आत जुळावे लागतात. ती अट आम्ही आरामात पूर्ण केली होती. जुळणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा उद्या सकाळी पहिले काम हे करा. प्रत्येक मेटाबोलाइटचे शुद्ध स्टँडर्ड, तुमच्या नमुन्यांत अपेक्षित असलेल्या कमाल तीव्रतेला, एकेकटे सोडा आणि सगळे चॅनेल उघडे ठेवा. ग्लुकुरोनाइड सोडल्यावर पॅरासिटामॉलच्या चॅनेलमध्ये पीक आले, तर ते कोणत्या वेळेला आले ते बघा. ग्लुकुरोनाइडच्या वेळेला आले असेल तर ते सोर्समध्ये तुटते आहे. पॅरासिटामॉलच्या वेळेला आले असेल तर स्टँडर्डमध्येच मूळ औषधाची भेसळ आहे, किंवा द्रावण ठेवल्या ठेवल्या विघटित झाले आहे. दीड मिनिटाच्या रनवर हा निवाडा करता येणार नाही, दोन्ही वेळा एकच असतील. म्हणून ही चाचणी लांब ग्रेडियंटवर, म्हणजे द्रवातले सेंद्रिय प्रमाण सावकाश चढवत, करा.

असे आडवे येणारे आणखीही आहेत. मर्कॅप्ट्युरेटचा आयन ३१३. त्यातून ॲसिटिलचे ४२ गेले की २७१ उरतात आणि सिस्टीन मेटाबोलाइट मोजतात तोही २७१ वरच, बहुतेक वेळा १४० च्या तुकड्यावर. म्हणजे हे दोघेही कॉलमवर वेगळे हवेत. ग्लुटाथायोनचा (शरीरातल्या विष पकडणाऱ्या रेणूचा) मेटाबोलाइट ४५७ वर असतो, त्यातून १२९ गेले की नेमके ३२८ होतात, ग्लुकुरोनाइडचाच आकडा! प्लाझ्मात तो इतका थोडा असतो की व्यवहारात अडचण येत नाही, पण पुढे कधी पित्ताचे नमुने हाती आले तर हे आठवा. आणि निगेटिव्ह मोडवर गेल्याने सुटका होईल असे समजू नका. तिथेही ग्लुकुरोनाइडचे ३२६ आणि सल्फेटचे २३० दोन्ही तुटून १५० वर येतात, तोच पॅरासिटामॉलचा निगेटिव्ह आयन.

उपाय साधा आहे: रन लांबवा. सी-१८ (अठरा कार्बनच्या साखळ्यांचा) कॉलम, पाण्यात ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, सेंद्रिय बाजूला मिथेनॉल, सुरुवात ३ ते ५ टक्क्यांवर आणि चढण सावकाश. ६ ते ८ मिनिटांत सगळे सुटे होतात. अगदी शुद्ध पाण्यावर सुरुवात करायची असेल तर ते सोसणारा, ध्रुवीय रेणूंसाठी बनवलेला कॉलम घ्या. साध्या सी-१८ च्या साखळ्या नुसत्या पाण्यात कोलमडतात आणि वेळा सरकू लागतात. ग्लुकुरोनाइड सर्वांत आधी बाहेर येते, मर्कॅप्ट्युरेट पॅरासिटामॉलच्या नंतर. मधल्यांचा क्रम कॉलमगणिक बदलू शकतो, म्हणून नवा कॉलम बसवला की एकेकटे स्टँडर्ड पुन्हा सोडून क्रम तपासा.

ग्लुकुरोनाइड लवकर येते त्याचा दुसराही त्रास आहे. त्या वेळेला प्लाझ्मातले क्षार आणि न थांबणारी सगळी घाण सोबत बाहेर पडत असते, आणि ती आयनीकरण दाबते. सहा वेगवेगळ्या व्यक्तींच्या प्लाझ्मात हा मॅट्रिक्स परिणाम तपासा. त्याआधी कॉलमनंतर स्टँडर्ड सतत सोडत ठेवून कोऱ्या प्लाझ्माचा अर्क एकदा चालवून पाहा. सिग्नल कुठे खाली बसतो ते डोळ्यांना दिसते आणि ग्लुकुरोनाइडला त्या खड्ड्यातून किती पुढे सरकवायचे ते ठरवता येते.

नमुना तयार करताना प्रथिने मिथेनॉलने किंवा ॲसिटोनायट्राइलने बसवतात, प्लाझ्माच्या तिप्पट. मी या मेटाबोलाइटसाठी थंड मिथेनॉल पसंत करतो. वरचे स्वच्छ द्रव तसेच सोडू नका, आधी पाणी घालून पातळ करा. तीन चतुर्थांश मिथेनॉल असलेला थेंब ३ टक्के मिथेनॉलच्या प्रवाहात पडला की ग्लुकुरोनाइडचे पीक फाटते किंवा दोन शेंडे दिसतात, आणि लोक कॉलमला दोष देत बसतात. इथिल ॲसिटेटने काढण्याची जुनी पद्धत मूळ औषधापुरती छान आहे, पण ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट पाण्यातच मागे राहतात. एका अर्थी ही जमेची बाजूसुद्धा आहे: तुमच्या ६ तासांनंतरच्या पाच-सहा नमुन्यांत इथिल ॲसिटेटचा अर्क घेऊन पॅरासिटामॉल मोजा. आकडा एचपीएलसीच्या जवळ आला तर माझ्या कयासाला आणखी एक पुरावा मिळाला.

आता एंझाइमचा प्रश्न. मुक्त पॅरासिटामॉल मोजायचे, मग बीटा-ग्लुकुरोनिडेजने तोडून एकूण मोजायचे, वजाबाकी म्हणजे ग्लुकुरोनाइड. स्टँडर्ड मिळत नसत त्या काळात हाच मार्ग होता आणि त्यावर चांगले कामही झाले. पण वजाबाकी चुका वजा करत नाही, त्यांची बेरीज करते. एकूण १०० ± ५ आणि मुक्त ८० ± ५ असेल तर फरक २० ± ७ येतो, म्हणजे अनिश्चितता पस्तीस टक्क्यांची. शिवाय गोगलगायीपासून काढलेल्या लोकप्रिय एंझाइममध्ये ग्लुकुरोनिडेजसोबत सल्फेटेजही असते, त्यामुळे ग्लुकुरोनाइड म्हणून मोजलेल्यात सल्फेट मिसळलेले असते. सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेटला तर ही एंझाइमे हातच लावत नाहीत, तिथे जोड गंधकाच्या अणूतून थेट वलयाला असतो. आणि तुम्हाला जे खरोखर जाणून घ्यायचे आहे ते याच दोघांत आहे.

कारण नेहमीच्या मात्रेत औषधाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग ग्लुकुरोनाइड होऊन जातो, साधारण एक तृतीयांश सल्फेट होऊन, आणि थोडासा तसाच लघवीवाटे. उरलेला ५ ते १० टक्के भाग, मुख्यतः सीवायपी २ई१ या एंझाइममुळे, एनएपीक्यूआय नावाच्या अतिक्रियाशील रेणूत बदलतो. हा रेणू प्लाझ्मात मोजता येत नाही, तो इतका टिकतच नाही. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला धरते आणि त्या जोडीचे पुढे सिस्टीन व मर्कॅप्ट्युरेट होतात. म्हणजे हे दोन मेटाबोलाइट त्या विषारी वाटेवरच्या पाऊलखुणा आहेत. उपाशी, कुपोषित किंवा दीर्घकाळ मद्य घेणाऱ्या माणसात ग्लुटाथायोनचा साठा आटलेला असतो. नवजात बाळात ग्लुकुरोनाइडची वाट अजून पुरती उघडलेली नसते आणि सल्फेट पुढे असते. असे फरक नुसत्या पॅरासिटामॉलच्या आकड्यात दिसत नाहीत, म्हणून मेटाबोलाइट मोजण्याचा खटाटोप.

खर्च वाचवायचाच असेल तर रुग्णालयातल्या ॲनालायझरवर नमुने लावू असेही कोणी सुचवेल. तिथले काम वेगळे आहे. तिथे एक एंझाइम पॅरासिटामॉलचा पी-अमिनोफिनॉल करते, त्यापासून निळा रंग तयार होतो आणि तो मोजतात. मेटाबोलाइट त्यात येत नाहीत, आणि यायला नकोच आहेत. आम्लात उकळून मोजण्याच्या जुन्या रंगपद्धतींत ते येत आणि आकडा फुगे. अतिमात्रेच्या रुग्णात ४ तासांनंतरचा आकडा रुमॅक-मॅथ्यू आलेखावर ठेवून विषावरच्या उताऱ्याचा निर्णय होतो. हा आलेख १९७५ चा. अनेक ठिकाणी उपचाराची रेषा ४ तासांना लिटरमागे १५० मिलिग्रॅमवर आहे, ब्रिटनमध्ये २०१२ पासून १०० वर. तिथे काही मिनिटांत येणारा विश्वासार्ह आकडा हवा असतो. मात्र कावीळ झालेल्या रुग्णात बिलिरुबिन फार चढलेले असेल तर रंगपद्धत औषध नसतानाही थोडेसे दाखवू शकते, हे मोजणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवायला हवे.

मेटाबोलाइटचे स्टँडर्ड घेताना बाटलीवरचे लेबल नीट वाचा. सल्फेट बहुधा पोटॅशियमचा क्षार म्हणून येते. त्याचा रेणुभार २६९, मुक्त आम्लाचा २३१. वजन तसेच धरले तर तुमचे सल्फेट कायम १६ टक्क्यांनी जास्त येत राहील आणि कोणताही क्यूसी तक्रार करणार नाही, कारण क्यूसीही त्याच बाटलीतून बनवलेले. ग्लुकुरोनाइडही कित्येकदा सोडियमचा क्षार असते. ओलाव्याची टक्केवारी विश्लेषण-प्रमाणपत्रात दिलेली असते, तीही वजा करा.

इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात सारखेच घालायचे तुलना-द्रव्य) ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, शक्य तितक्या प्रत्येक मेटाबोलाइटचे स्वतंत्र. पॅरासिटामॉलसाठी मी डी-४ (चार ड्यूटेरियमचे) घेतो. डी-३ सुद्धा चालते, पण मूळ औषध फार तीव्र असताना त्याच्या नैसर्गिक समस्थानिकांचा कण डी-३ च्या चॅनेलमध्ये उतरतो, डी-४ मध्ये त्याहून कमी. इथेही आधीचाच सापळा आहे: ग्लुकुरोनाइड-डी-३ तुटले की पॅरासिटामॉल-डी-३ होते. पॅरासिटामॉलसाठीही डी-३ वापरत असाल आणि दोन्ही एकाच वेळी बाहेर येत असतील, तर तुमचा इंटर्नल स्टँडर्डच फुगतो, आणि तुटण्याचे प्रमाण नमुन्यागणिक बदलले की पॅरासिटामॉलचा आकडा बिघडतो. एका दिशेची चूक दुसऱ्या दिशेच्या चुकीने झाकली जाण्याचा प्रकारही मी पाहिला आहे, आणि तो सर्वांत वाईट, कारण आकडे देखणे दिसतात.

कोरा प्लाझ्मा मिळवणे हे या औषधाबाबत एक वेगळेच काम आहे. हे इतके सर्रास घेतले जाणारे औषध आहे की 'काहीही घेतले नाही' म्हणणाऱ्या दात्याच्या रक्तातही ते निघते. सर्दीच्या मिश्र गोळीत ते होते हे त्याला ठाऊकच नसते. प्रत्येक पिशवी वापरण्याआधी सगळ्या चॅनेलवर तपासा, कारण मूळ औषध निघून गेल्यावरही सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेट रेंगाळतात. यूव्ही पद्धतीत थिओफिलिन इंटर्नल स्टँडर्ड म्हणून वापरत असाल तर आणखी एक अडचण आहे. शरीरात कॅफिनपासून थोडे थिओफिलिन बनतेच.

नमुना घेण्याच्या जागेबद्दल एकच सांगतो. पुढे कधी शिरेतून दिलेल्या औषधाचा अभ्यास केलात तर रक्त दुसऱ्या हातातून घ्या. त्या द्रावणात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. नळीत राहिलेला केवळ १० मायक्रोलिटर थेंब १ मिलिलिटर रक्तात मिसळला तर लिटरमागे १०० मिलिग्रॅमची भर पडते, म्हणजे जवळजवळ विषबाधेचा आकडा. अशा वेळी मेटाबोलाइट मात्र जागच्या जागी असतात. पॅरासिटामॉल आभाळाला आणि ग्लुकुरोनाइड नेहमीसारखे दिसले, तर आधी नळीवर संशय घ्या.

साठवणीचा फारसा त्रास नाही. प्लाझ्मात मूळ औषध आणि ग्लुकुरोनाइड टिकाऊ आहेत. सल्फेटला मात्र तीव्र आम्ल मानवत नाही, म्हणून परक्लोरिक आम्लाने प्रथिने बसवून अर्क रात्रभर ठेवू नका. ग्लुटाथायोनचा मेटाबोलाइट मोजायचा झाल्यास रक्त बर्फात ठेवा आणि लगेच प्लाझ्मा वेगळा करा, नाहीतर रक्तातली एंझाइमे त्याला सिस्टीनच्या दिशेने कुरतडतात.

तीव्रतेचा पल्ला मोठा आहे: मूळ औषध लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅमपर्यंत चढते, तर सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेट त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एकाच इंजेक्शनमध्ये दोन्ही टोके साधायची तर पॅरासिटामॉलची कोलिजन एनर्जी (आयनाचे तुकडे करणारी ऊर्जा) मुद्दाम बिघडवून त्याचा सिग्नल खाली आणता येतो. मी तसे करत नाही. एकाच अर्कातून दोनदा सोडतो, एकदा पातळ करून आणि एकदा तसेच. वेळ दुप्पट जातो, पण डिटेक्टर तुंबत नाही.

आकडे मायक्रोमोलमध्येच द्या. १० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे ६६ मायक्रोमोल, १० मिलिग्रॅम ग्लुकुरोनाइड म्हणजे जेमतेम ३१. मिलिग्रॅममध्ये गुणोत्तरे काढली तर ग्लुकुरोनाइडचे पारडे दुपटीहून जड दिसते आणि ते वजन साखरेचे असते, औषधाचे नव्हे.

शेवटी, तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख असलेल्या प्रथिनांना चिकटलेल्या पॅरासिटामॉलबद्दल. ग्लुटाथायोन संपले की एनएपीक्यूआय यकृतातल्या प्रथिनांच्या सिस्टीनला चिकटतो, आणि यकृताच्या पेशी फुटल्या की ती प्रथिने रक्तात येतात. ती एक-दोन दिवसांच्या अर्धायुकालाने ओसरतात, म्हणून मूळ औषध नाहीसे झाल्यावरही निदान करता येते. मिलिलिटरला सुमारे १ नॅनोमोलच्या वर आकडा असला तर यकृताची गंभीर इजा पॅरासिटामॉलमुळेच झाली असण्याची शक्यता बळावते. मोजण्यासाठी प्रथिने प्रोटिएजने (प्रथिने तोडणाऱ्या एंझाइमने) पचवतात आणि सुटून आलेला सिस्टीन-पॅरासिटामॉल मोजतात. पण हा रेणू आणि प्लाझ्मात आधीच मोकळा फिरणारा सिस्टीन मेटाबोलाइट अगदी एकच आहेत. इथे कॉलमही वाचवू शकत नाही. पचवण्याआधी जेल गाळणीने किंवा डायलिसिसने मोकळे रेणू पूर्णपणे काढून टाकावे लागतात, आणि ते निघाले की नाही हे पाहायला प्रत्येक नमुन्याचा एक भाग प्रोटिएज न घालता शेजारी चालवावा लागतो. त्या भागात सिस्टीनचे पीक दिसत असेल, तर गाळणी पुन्हा करा आणि तोवर त्या नमुन्याचा आकडा वहीत लिहू नका.